एकशे साठावी, तरी दाराबाहेर: अंकिता रैनाच्या निमित्तानं टेनिसच्या क्रमवारीचं कोडं

२०२१ च्या जानेवारीत भारताची टेनिसपटू अंकिता रैना मेलबर्नला पोचली ती एक सामना हरून. ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी त्या वर्षी कोरोनामुळे मेलबर्नऐवजी दुबईत भरवली होती. तिथे तिनं दोन सामने जिंकले आणि तिसऱ्यात सर्बियाच्या ओल्गा दानिलोविचकडून २-६, ६-३, १-६ अशी हरली. हा सामना जिंकली असती तर तिचं ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या, मुख्य एकेरीत पहिल्यांदाच नाव लागलं असतं. हरल्यावर बॅग भरून घरी जायचं, हा टेनिसचा साधा नियम. तिला मात्र चार्टर विमानात बसवून ऑस्ट्रेलियाला नेलं आणि चौदा दिवस विलगीकरणात ठेवलं. का? तर मुख्य फेरीतल्या कुणी ऐनवेळी माघार घेतलीच, तर ती जागा भरायला माणूस जवळ असावा म्हणून.

टेनिसमध्ये अशा खेळाडूला ‘लकी लूजर’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर नशीबवान हरलेली. पंगत भरल्यावर दारात उभं राहायचं आणि आतला कुणी उठतोय का ते बघायचं. स्पर्धेचा पहिला चेंडू ८ फेब्रुवारीला पडणार होता आणि दुबईतला पराभव जानेवारीच्या मध्यावरचा. म्हणजे जवळजवळ चार आठवडे दुसऱ्या कुणाचा तरी घोटा मुरगळण्याची, पाठ धरण्याची वाट पाहायची. तसं कुणी मनात म्हणत नसेल, पण व्यवस्था तशीच आहे.

काही जणींना अशा जागा मिळाल्या. अंकिताला मिळाली नाही.

वर्षभरापूर्वीच ती जगात एकशे साठावी होती. एकशे साठावी! जगातला एकशे साठावा हृदयतज्ज्ञ किंवा एकशे साठावी गायिका दाराबाहेर उभी असेल का? टेनिसमध्ये असते. ते कसं, हे कळलं की बातम्यांच्या कोपऱ्यात येणाऱ्या ‘अंकिता पात्रता फेरीत पराभूत’ अशा दोन ओळींमागे काय घडत असतं ते दिसायला लागतं.

ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत १२८ जागा असतात. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीनुसार भरतात. आठ जागा ‘वाइल्ड कार्ड’च्या, म्हणजे यजमानांच्या मर्जीच्या. उरलेल्या सोळा जागांसाठी आणखी १२८ जणी आधीच्या आठवड्यात आपसात भिडतात. ओळीनं तीन सामने जिंकले तरच आत. हीच पात्रता फेरी. म्हणजे ढोबळमानानं पहिल्या शंभरात असाल तर निमंत्रण घरी येतं. शंभर ते अडीचशेच्या पट्ट्यात असाल तर रांगेत उभं राहा. त्याच्याही खाली असाल तर टीव्हीवर बघा. अंकिताच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ या मधल्या पट्ट्यात गेला.

मर्जीच्या जागांविषयी थोडं. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांत ग्रँड स्लॅम भरतात. आठ वाइल्ड कार्डांचा मोठा वाटा साहजिकच घरच्या मुलींना जातो. एवढंच नाही, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या संघटना आपसात देवाणघेवाणही करतात: तू माझ्या मुलीला तुझ्याकडे एक जागा दे, मी तुझ्या मुलीला माझ्याकडे देतो. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याला या व्यवहारात जागा नाही. भारताकडे ग्रँड स्लॅम नाही. त्यामुळे दोनशेव्या क्रमांकाची ऑस्ट्रेलियन मुलगी थेट मुख्य फेरीत खेळू शकते आणि एकशे साठावी भारतीय मुलगी रांगेत असते. याला अन्याय म्हणायचं की यजमानाचा हक्क, यावर वाद घालता येईल. मला तो हक्क वाटतो, पण त्याचा परिणाम विसरून चालत नाही.

आता अंकिता या रांगेपर्यंत आली कशी ते बघू. जन्म ११ जानेवारी १९९३ चा, अहमदाबादचा. घर काश्मिरी पंडितांचं. मोठा भाऊ टेनिस खेळायचा, त्याच्यामागे चारपाच वर्षांची ही कोर्टावर जायला लागली. २००७ मध्ये, चौदाव्या वर्षी ती पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. तिचा खेळ घडला तो पुण्यात. पुढे कित्येक वर्षं बातम्यांत तिच्या नावामागे कधी ‘गुजरातची’, कधी ‘पुण्याची’ असं लागत राहिलं आणि दोन्ही खरंच आहे.

(महाराष्ट्राचं बायकांच्या टेनिसशी नातं याहूनही जुनं आहे. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे मुंबईची लीला राव, १९३४ साली. तिची आई पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळायच्या आणि संस्कृतात काव्य लिहायच्या. असं घर आज शोधून सापडायचं नाही.)

शिकणं झालं, पुढे क्रमवारी कशी मिळते? इथं थोडं गणित आहे, पण किराणा दुकानाच्या हिशोबापेक्षा अवघड नाही.

क्रमवारी म्हणजे गेल्या बावन्न आठवड्यांत कमावलेल्या गुणांची बेरीज. सगळ्या स्पर्धांची नव्हे, चांगल्यातल्या चांगल्या स्पर्धांची. अंकिता भरात होती तेव्हा एकेरीत सर्वोत्तम सोळा स्पर्धा मोजल्या जायच्या, दुहेरीत अकरा. (आता ते आकडे थोडे वाढलेत.) आज मिळवलेले गुण पुढच्या वर्षीच्या त्याच सुमाराला आपोआप गळून पडतात. म्हणून खेळाडू ‘गुण राखायचे आहेत’ असं म्हणतात. मागच्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा जिंकली नाही, तर तुम्ही काहीही वाईट न करता खाली घसरता. बँकेतल्या ठेवीसारखं हे नाही. हे दुधासारखं आहे, ठरलेल्या दिवशी नासतं.

गुण कुठे किती मिळतात, हा दुसरा भाग. महिला टेनिसचा इमला तीन थरांचा आहे. वर ग्रँड स्लॅम, मधे डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिसच्या व्यावसायिक संघटनेच्या स्पर्धा, आपण टीव्हीवर बघतो त्या. तळाशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या म्हणजे आयटीएफच्या छोट्या स्पर्धा. या छोट्या स्पर्धा त्यांच्या एकूण बक्षिसाच्या रकमेनं ओळखल्या जात: पंधरा हजार डॉलरची, पंचवीस हजाराची, साठ हजाराची, एक लाखाची. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर डिसेंबरच्या थंडीत होते ती याच जातीची. अंकितानं २०१४ मध्ये ती जिंकली होती. तिच्या एकेरीच्या विजेतेपदांत ग्वाल्हेर, सिंगापूर, थायलंडमधलं नॉन्थाबुरी, जोधपूर अशी गावं दिसतात. बेसलाइनच्या मागे दोन खुर्च्या, चेंडू उचलून देणारी क्लबमधली पोरं, आणि प्रेक्षकांत निम्मे प्रशिक्षक नाहीतर इतर खेळाडूंचे पालक. या स्पर्धा बहुतेकदा अशाच असतात.

आता फसगत होते ती ‘पंचवीस हजार डॉलर’ या नावामुळे. पंचवीस हजार ही संपूर्ण स्पर्धेची रक्कम. ती एकेरी आणि दुहेरी खेळणाऱ्या सगळ्या मुलींत वाटली जाते. एकेरीच्या विजेतीच्या हातात त्या काळी चार हजार डॉलरच्या जरा आतच पडायचे, तेही कर कापण्याआधी. त्यासाठी आठवड्यात पाच सामने ओळीनं जिंकायचे. त्यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा आणि प्रशिक्षक बरोबर असेल तर त्याचंही सगळं. पहिल्या फेरीत हरलात तर येण्याजाण्याचा खर्च अंगावर. म्हणून या थरातल्या कित्येक मुली प्रशिक्षकाशिवाय एकट्याच फिरतात आणि समोरच्या प्रतिस्पर्ध्याबरोबरच हॉटेलची खोली वाटून घेतात. सकाळी एकीनं दुसरीला हरवायचं, रात्री एकाच खोलीत झोपायचं.

ती स्पर्धा जिंकल्यावर गुण मिळायचे पन्नास. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत फक्त एक सामना जिंकून पुढच्यात हरलात, तरी मिळतात सत्तर. पुन्हा वाचा: तळाच्या थरावर पाच सामने जिंकून पन्नास आणि वरच्या थरावर एक जिंकून सत्तर. सोळाच्या सोळा मोजलेल्या स्पर्धा कुणी पंचवीस हजाराच्याच जिंकल्या, जे कुणालाच जमत नाही, तरी बेरीज आठशे. ग्रँड स्लॅम विजेतीला एका पंधरवड्यात दोन हजार.

पैशाचं तसंच. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. त्या वेळच्या दरानं पंचवीस हजारांच्या वीसेक स्पर्धा जिंकल्यावर जेवढे मिळतील तेवढे. पात्रता फेरीचेही पैसे मिळतात, पण ते यापेक्षा बरेच कमी. दुबईतल्या त्या एका सामन्यावर किती काय टांगलेलं होतं, ते यावरून लक्षात यावं. प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार एका सेटमध्ये येतो किंवा जातो.

खालच्या थरातून वर चढणं म्हणूनच इतकं सावकाश होतं. वरच्या स्पर्धेत प्रवेश हवा तर क्रमवारी हवी, क्रमवारी हवी तर वरच्या स्पर्धेतले गुण हवेत. दोनशेच्या आत येताना अंकिता पंचवीस वर्षांची होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती १९७ व्या क्रमांकावर पोचली. एकेरीत पहिल्या दोनशेत जाणारी ती पाचवी भारतीय महिला. तिच्याआधी निरुपमा वैद्यनाथन, शिखा उबेरॉय, सुनीता राव आणि सानिया मिर्झा. एवढ्या मोठ्या देशातून पाचच.

त्याच २०१८ सालातली एक गंमत सांगतो, गंमत कसली, विचित्र गोष्ट आहे. फेब्रुवारीत दिल्लीत फेड कप झाला. फेड कप म्हणजे महिलांचा डेव्हिस कप, देशादेशांतली सांघिक स्पर्धा. आता तिचं नाव बिली जीन किंग कप आहे. तिथं अंकितानं कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेवाला हरवलं, जी तेव्हा पहिल्या शंभरात होती. चीनच्या झू लिनलाही हरवलं. ऑगस्टमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत पालेम्बांगला तिनं एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. उपांत्य फेरीत ती चीनच्या झांग शुआईकडून हरली, दुसरा सेट टायब्रेकरपर्यंत नेऊन. सानियानंतर एशियाडमध्ये एकेरीचं पदक आणणारी ती पहिली भारतीय महिला.

या सगळ्याचे क्रमवारीत गुण किती? शून्य.

देशासाठी खेळलेल्या या सामन्यांना डब्ल्यूटीए गुण देत नाही. एशियाडला वेळ दिला म्हणजे त्या काळात कुठल्या तरी स्पर्धेत मिळाले असते ते गुण सोडले. पदकाचा उपयोग वेगळ्या खिशात होतो. पदकानंतर केंद्र सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेत तिचं नाव आलं. ऑलिंपिकसाठी निवडक खेळाडूंना पैसा पुरवणारी ही योजना. पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. पण मेलबर्नच्या दारावरचा रखवालदार पदक विचारत नाही, आकडा विचारतो.

पुढची दीडेक वर्षं तो आकडा सुधारत गेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये चीनमधल्या आनिंगला तिनं तीन सेटमध्ये समांथा स्टोसरला हरवलं. स्टोसर म्हणजे २०११ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला हरवणारी. तेव्हा तिचा बहर ओसरला होता हे मान्य, तरी पहिल्या शंभरात होतीच. २०२० च्या सुरुवातीला अंकितानं नॉन्थाबुरीला लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या, मग जोधपूर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती १६० व्या क्रमांकावर आली. त्याच आठवड्यात दुबईला फेड कपमध्ये भारतानं चार देशांना हरवून पुढची, म्हणजे प्लेऑफची फेरी पहिल्यांदाच गाठली. एकेरी खेळून पुन्हा सानियाबरोबर दुहेरीला उभी राहणारी अंकिता तिथं दिवसाला दोनदोन सामने खेळत होती.

आणि मग टेनिस बंद पडलं. कोरोना. पाच महिने जगभर एकही स्पर्धा नाही. क्रमवारी गोठवली गेली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कारकिर्दीतल्या सगळ्यात चांगल्या आकड्यावर असताना थांबावं लागलं. त्या पाच महिन्यांत काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

तर पुन्हा फेब्रुवारी २०२१, मेलबर्न. एकेरीत जागा मिळाली नाही, पण दुहेरीत मिळाली. रोमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर ती ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिल्यांदा उतरली. समोर ऑलिव्हिया गॅडेकी आणि बेलिंडा वूलकॉक, दोघी ऑस्ट्रेलियाच्या आणि वाइल्ड कार्डवर आलेल्या. ३-६, ०-६. मर्जीच्या जागांविषयी मघाशी लिहिलं ते या सामन्याला काही लागू नाही, त्या दिवशी त्या दोघी सरळ चांगल्या खेळल्या.

पण ती परतली नाही. ऑस्ट्रेलियन ओपन चालू असतानाच, लवकर बाहेर पडलेल्या मुलींसाठी त्याच आवारात एक स्पर्धा ठेवली होती, फिलिप आयलंड ट्रॉफी. हरलेल्यांची स्पर्धा म्हणा हवं तर, पण दर्जा डब्ल्यूटीए २५० चा, म्हणजे मधल्या थरातला. अंकितानं एकेरीत इटलीच्या एलिझाबेट्टा कोच्चारेत्तोला हरवून एक सामना काढला. आणि दुहेरीत रशियाच्या कामिला राखिमोवाबरोबर ती थेट अंतिम सामन्यात गेली. अॅना ब्लिंकोवा आणि अनास्तासिया पोतापोवा यांच्याविरुद्ध पहिला सेट २-६ गेला. दुसरा ६-४ नं घेतला. तिसऱ्या सेटऐवजी दुहेरीत दहा गुणांचा सुपर टायब्रेकर असतो, तो १०-७ नं. डब्ल्यूटीएचं तिचं पहिलं विजेतेपद.

या विजेतेपदाचा हिशोब बघा. दोघींत मिळून बक्षीस आठ हजार डॉलर. म्हणजे पहिल्या फेरीत हरण्याचे एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जिथं वाटले जात होते, त्याच आवारात एक पूर्ण स्पर्धा जिंकून वाट्याला चार हजार. पण गुण प्रत्येकीला २८०. दुहेरीचे गुण वाटून घ्यावे लागत नाहीत, दोघींना पूर्ण मिळतात. त्या २८० गुणांनी तिला दुहेरीत पहिल्या शंभरात नेलं, ९४ व्या क्रमांकावर. ज्या दाराबाहेर ती एकेरीसाठी महिनाभर उभी होती, त्याच दाराची दुहेरीची बाजू तिच्यासाठी उघडली.

त्या वर्षी विम्बल्डनला एक सामना झाला, ज्याची भारतीय वर्तमानपत्रांनी बरीच हौस केली. मिश्र दुहेरीत एका बाजूला सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा, दुसऱ्या बाजूला अंकिता आणि रामकुमार रामनाथन. ग्रँड स्लॅममध्ये चारही खेळाडू भारतीय. सानिया-बोपण्णा ६-२, ७-६ नं जिंकले.

मग टोकियो ऑलिंपिक. अंकिता तिथं पोचली ती क्रमवारीच्या आणखी एका नियमाच्या आधारानं, आणि तो नियम मला या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. खेळाडू दीर्घ दुखापतीमुळे किंवा बाळंतपणामुळे दूर राहिली, तर तिचा जुना क्रमांक जपून ठेवता येतो. परत आल्यावर ठरावीक स्पर्धांत प्रवेशासाठी तो वापरता येतो. सानिया आई झाल्यावर परतली होती आणि तिचा जपलेला दुहेरीचा क्रमांक होता नववा. ऑलिंपिकच्या दुहेरीत पहिल्या दहातल्या खेळाडूला आपला जोडीदार निवडायची मुभा असते, फक्त तो पहिल्या तीनशेत हवा. सानियानं अंकिताला निवडलं.

२५ जुलै २०२१, टोकियोतलं आरियाके टेनिस संकुल. समोर युक्रेनच्या जुळ्या बहिणी, नादिया आणि ल्युदमिला किचेनोक. पहिला सेट वीस-पंचवीस मिनिटांत ६-०. दुसऱ्यात ५-३ ची आघाडी, सानियाची सर्व्हिस, ती राखली की सामना संपला. ती गेली. टायब्रेकर ०-७. सुपर टायब्रेकरमध्ये एकदम १-८ अशी पिछाडी, आणि तिथून ओळीनं सात गुण, ८-८. मग १०-८ नं किचेनोक भगिनी जिंकल्या. ऑलिंपिकचे क्रमवारीत गुण? तेही शून्य.

पुढच्या फेब्रुवारीत फिलिप आयलंडच्या त्या २८० गुणांना बावन्न आठवडे झाले आणि ते तिच्या खात्यातून उतरले. ती स्पर्धा पुन्हा भरलीच नव्हती, त्यामुळे ते तिथं जाऊन राखायचीही सोय नव्हती.